माशाचं वय सांगणारे कानातले खडे
माशाची कवटी वरून उघडून मेंदू अलगद बाजूला केला की दोन्ही बाजूंना पांढरे खडे सापडतात. हेच ऑटोलिथ. जोड्या तीन असतात. बहुतेक माशांत सॅजिटा सर्वांत मोठी, मी तीच चिमट्याने उचलते. पाण्यात चोळून पडदा काढा, सुकवा, कागदी पाकिटात ठेवा. फॉर्मेलिनमध्ये मात्र नको. ते आम्लधर्मी होतं आणि कॅल्शियम कार्बोनेटचा खडा झिजतो.

पातळ खडा काळ्या तळाच्या बशीत पाण्यात बुडवून, वरून उजेड टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघा. पांढरा पट्टा सहसा जलद वाढीचा, काळसर मंद वाढीचा. दोन्ही मिळून एक वर्ष. जाड खडा केंद्रातून मोडा, मोडलेली बाजू स्पिरिटच्या दिव्यावर तपकिरी होईपर्यंत शेका, वर तेलाचा थेंब सोडा.

खरी डोकेदुखी खोट्या वलयांची. उपासमारीनेही रेघ उमटते. जी रेघ खड्याभोवती पूर्ण फिरत नाही, ती मी धरत नाही. आणि माशाची लांबी आधी बघूच नका, नाहीतर मोठ्या माशाला मन आपसूक जास्त वर्षं बहाल करतं! दुसऱ्या कुणाकडून वेगळं मोजून घ्या. शार्क असेल तर हा खटाटोपच सोडा. तिथे मणके कापावे लागतात.