महागड्या मालाची गाडी: सोलापूरच्या नव्या ड्रायव्हरांसाठी

ऊस, सिमेंट, कांदा ओढून हात बसला की एखादा मालक विचारतो, 'औषधाची गाडी घेतो का?' भत्ता जास्त, गाडी नवी. नवा माणूस लगेच हो म्हणतो, कारण रस्ताही तोच आणि स्टेअरिंगही तेच. फरक हिशोब करताना कळतो. सिमेंटची दोन पोती फुटली तर शिव्या खाऊन विषय मिटतो. औषधाच्या गाडीत दोन बॉक्स कमी निघाले तर भत्त्यावर पाणी पडतं, आणि पहिला संशय ड्रायव्हरवरच येतो. वाहतुकीसाठी सोपवलेल्या मालाचा अपहार सिद्ध झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६(३) खाली सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ड्रायव्हर निर्दोष असला तरी चौकीच्या फेऱ्या चुकत नाहीत. या धंद्यातला खरा ताण हाच आहे. तो कमी करायचा तर तुम्ही काय, किती आणि कशा अवस्थेत ताब्यात घेतलं, हे गाडी हलण्याआधी कागदावर आणि फोटोत पक्कं झालं पाहिजे.

लायसनचं थोडक्यात सांगायचं तर हलक्या वाहनाच्या लायसनला एक वर्ष झाल्याशिवाय ट्रान्सपोर्टचं शिकाऊ लायसन मिळत नाही आणि वय किमान २० लागतं. ट्रान्सपोर्टचं लायसन दर ५ वर्षांनी नवं करायचं. रसायनांची गाडी घ्यायची असेल तर घातक मालाचं प्रशिक्षण आणि लायसनवर त्याची नोंद वेगळी लागते. चिंचोली एमआयडीसीत असा माल भरपूर असल्याने सोलापूरच्या पोरांनी ही नोंद करून घेतलेली बरी. मालक पोलिसांची चारित्र्य पडताळणी आणि ओळखीचा जामीनदार मागतात. त्यात अपमान वाटून घेऊ नका.

भरताना

सगळ्यात जास्त चुका लोडिंगच्या दोन तासांत होतात, कारण ड्रायव्हर तेव्हा केबिनमध्ये झोपलेला असतो. रात्रभर चालवायचंय म्हटल्यावर झोप हवी हे खरं. पण नग मोजताना उभं राहायलाच हवं. उभं राहू देत नसतील, आणि बऱ्याच औषध कंपन्या डॉकवर ड्रायव्हरला येऊ देत नाहीत, तर बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीवर, 'नग पार्टीच्या सांगण्याप्रमाणे, ड्रायव्हरने मोजले नाहीत' असं लिहून घ्या. क्लार्क कुरकुर करेल. लिहीत नसेल तर मालकाला फोन लावून त्याच्यासमोर सांगा.

मग सील. कंटेनरला बहुतेक बाटली सील असतं: एक जाड पिन आणि तिच्यावर दाबून बसवलेलं बोंडूक. त्यावरचा नंबर बिल्टी आणि इनव्हॉइसवरच्या नंबराशी एकेक आकडा बोट ठेवून जुळवा. सील हातात धरून जोरात ओढा, मग पिळा. नीट न बसलेली पिन इथेच सुटते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दाराच्या हँडलचे आणि बिजागऱ्यांचे बोल्ट बघा. सराईत चोर सीलला हातच लावत नाही. तो हँडलचा बोल्ट काढतो, दार उघडतो, माल काढतो आणि बोल्ट परत बसवतो. सील जसंच्या तसं, आत वीस बॉक्स गायब. म्हणून बोल्टच्या डोक्यावरचा रंग उडालाय का, गंजाची रेघ मध्येच तुटलीय का, पान्याचे ताजे ओरखडे आहेत का, हे टॉर्च मारून बघा. बोल्टच्या शेपटाला वेल्डिंगचा ठिपका मारून घ्यायला मालकाला सांगा. वेल्डरकडे दहा मिनिटांचं काम आहे.

सूत, चादरी, टॉवेलच्या गठड्या अजून बऱ्याचदा उघड्या गाडीतून जातात. तिथे ताडपत्री फाटकी नको आणि वरून एकच अखंड रस्सी फिरवलेली हवी. चारही बाजूंच्या गाठींचा फोटो काढून ठेवा. रात्री कोणी गाठ सोडून परत मारली तर त्याची गाठ तुमच्या गाठीसारखी येत नाही.

कागदांत ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याचा जीएसटीचा ऑनलाइन कागद, सगळ्यात जास्त घात करतं. साध्या मालाला दर २०० किलोमीटरला, किंवा उरलेल्या तुकड्याला, एक दिवस मिळतो. हैदराबाद ते भिवंडी सातशेच्या थोडं वर धरलं तर चार दिवस. वाहनाचा नंबर असलेला भाग ब भरला की मुदत सुरू होते. पहिला दिवस दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्री संपतो, म्हणजे सोमवारी दुपारी बिल निघालं तर शुक्रवारी रात्री १२ ला मुदत संपते. गाडी बिघडून माल दुसऱ्या गाडीत टाकला तर भाग ब मध्ये नवा नंबर टाकल्याशिवाय चाक हलवू नका. मुदत वाढवायची असेल तर संपण्याच्या आधीचे ८ तास आणि नंतरचे ८ तास एवढाच वेळ असतो. तो हुकला आणि गाडी पकडली गेली तर मालाच्या मालकाने पुढे येऊनही कराच्या २०० टक्के दंड बसू शकतो. इथे ड्रायव्हरचं काम एकच: मुदत कधी संपते ते केबिनमध्ये मोठ्या अक्षरात लिहून ठेवायचं आणि अर्धा दिवस आधी ऑफिसला फोन करायचा.

जीएसटीच्या अधिकाऱ्याने सील तोडून माल बघायचं म्हटलं तर अडवू नका. पण मालाच्या प्रत्यक्ष तपासणीचा एमओव्ही-०२ हा आदेश मागा, नवं सील लावून घ्या, आणि जुना व नवा दोन्ही नंबर सही-शिक्क्यासह बिल्टीवर घ्या. गाडी ३० मिनिटांपेक्षा जास्त थांबवली तर ट्रान्सपोर्टरला गाडी अडवल्याचं कळवणारा ईडब्ल्यूबी-०४ हा फॉर्म ऑनलाइन भरता येतो. ऑफिसला ते आठवण करून द्यावं लागतं. न्हावा शेवा बंदराला जाणाऱ्या एक्स्पोर्टच्या कंटेनरला ई-सील, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सील, असतं. त्याला काही झालं तर स्वतः दुरुस्ती करायच्या भानगडीत पडू नका, आधी कंपनीला कळवा.

थांबणं

माल चालत्या गाडीतून क्वचित जातो, उभ्या गाडीतून नेहमी जातो. म्हणून गाडी भरण्याआधी टाकी फुल, जेवण झालेलं आणि पोट साफ हवं. लोडिंगनंतरचे तीन-चार तास शक्यतो थांबायचं नाही. पाळत ठेवणारे गेटपासून मागे लागतात आणि पहिल्या ढाब्याची वाट बघतात. सोलापुरात भरून लगेच घरी जाऊन येतो म्हणणारे बरेच भेटतात. हा सगळ्यात वाईट थांबा, कारण गाडी घराबाहेर उभी आहे हे गल्लीभर कळतं.

थांबे आधी ठरवा आणि ऑफिसला सांगून ठेवा. सोलापूरहून पुण्याकडे सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी, पाटस हे टोलनाके आहेत. हैदराबादकडे फुलवाडी, तलमोड. नाक्याजवळ उजेड, कॅमेरा आणि माणसं असतात, पण लेनच्या तोंडावर न थांबता पुढे मोकळ्या जागेत थांबा. रात्रीच्या मुक्कामाला मोठा पेट्रोल पंप बरा. मागचं दार भिंतीला किंवा दुसऱ्या गाडीला टेकेल इतकं मागे लावा, म्हणजे ते उघडताच येत नाही. निघताना सील, बोल्ट, गाठी आणि मग टायर, याच क्रमाने एक चक्कर मारा. थांबा पाच मिनिटांचा असला तरी.

टायरचा चोरीशी थेट संबंध आहे, कारण फुटलेला टायर तुम्हाला नको तिथे उभं करतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो. हवा सकाळी थंड टायरवर तपासायची. दुपारी गरम टायरमध्ये हवा वाढलेली दिसते म्हणून ती सोडणारे आहेत. गार झाल्यावर तोच टायर कमी हवेवर पळतो, बाजू तापते आणि फुटतो. मागच्या जोड टायरमध्ये अडकलेला दगड रोज काढा.

चढाला गाडी हळू होते तिथे मागून चढणारे असतात. तुळजापूरचा घाट, पुढे बीडकडे मांजरसुंब्याचा घाट, हे शक्यतो उजेडात काढा. ऊस गाळपाच्या महिन्यांत तर रात्री घाई नकोच: टेंभुर्णी-मोहोळ पट्ट्यात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर मागे लाल दिव्याविना चालतात. आषाढीच्या सुमारास पंढरपूरकडचे रस्ते आणि कोजागिरीला तुळजापूरचा रस्ता पायी भाविकांनी भरलेला असतो, अवजड गाड्या वळवतात. ही तारीख ऑफिसच्या लक्षात नसते, तुमच्या असावी.

बाजूने मोटारसायकलवाला हात करून 'तेल गळतंय', 'टायर बसला' म्हणाला तर लगेच थांबू नका. आरशात बघा, गाडी ओढते का ते हाताला जाणवेलच, आणि उजेडाच्या जागी जाऊन तपासा. पोलीस किंवा आरटीओ म्हणून खासगी गाडी आडवी लावली तर दार आतून बंद ठेवून ओळखपत्र मागा, पुढच्या टोलनाक्यावर थांबतो म्हणा, आणि ११२ लावा. खरा अधिकारी यावर चिडेल कदाचित, पण ऐकतो. बिघाडासाठी महामार्गाचा नंबर १०३३. ढाब्यावर कोणी मालाबद्दल विचारलं तर 'पार्सल आहे' एवढंच. अनोळखी माणसाचा चहा-बिस्किट घ्यायचं नाही, लिफ्ट द्यायची नाही. आणि गाडीपुढे उभं राहून रील टाकायची हौस असेल तर ती रिकाम्या गाडीवर भागवा.

फोनवरची माणसं

मालक, ट्रान्सपोर्टचा दलाल, पार्टी, पार्टीचा सुपरवायझर आणि जीपीएस बघणारा पोरगा, असे पाच जण एका ड्रायव्हरला फोन करतात. प्रत्येकाला गाडी आत्ता कुठे आहे ते हवं असतं. चालवताना फोन उचलून प्रत्येकाला उत्तर देणं ही नव्या माणसाची सवय. निघतानाच सांगा की ठरलेल्या थांब्यावरून मेसेज येईल, आणि बोलायचं असेल तर एकाच माणसाशी.

वेळेचं गणित कायद्यावर मांडा: मोटार वाहतूक कामगार कायद्यात (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली) दिवसाला ८ तास, आणि सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती होती. ताशी सरासरी ४५ धरली तर सातशे किलोमीटर म्हणजे साडेपंधरा तासांचं चालवणं. एकट्याला दोन दिवस, नाहीतर दुसरा ड्रायव्हर. उद्या सकाळी ८ ला गेटवर पाहिजे म्हणणाऱ्याला हे आकडे भरण्याआधीच ऐकवा, भरल्यावर तुमचं कोणी ऐकत नाही. पहाटे २ ते ५ च्या झोपेशी झटापट करून वाचवलेले तीन तास बहुतेक वेळा भिवंडीच्या गोदामाबाहेर रांगेतच जातात.

शेवटच्या टप्प्यातला एक फोन धोक्याचा. 'गोदाम भरलंय, माल शेजारच्या गाळ्यात उतरवा.' आवाज ओळखीचा वाटतो, पार्टीचं नाव बरोबर असतं, बिल्टीचा नंबरही सांगतो. बिल्टीवर जो पत्ता आहे तिथेच उतरवायचं. बदल हवा असेल तर तुमच्या मालकाकडून, त्याच्या नेहमीच्या नंबरवर तुम्ही स्वतः फोन करून खात्री झाली पाहिजे. आलेल्या फोनवर कधीच नाही. डिजिटल लॉक उघडायचा ओटीपीही आलेल्या फोनवर द्यायचा नाही.

उतरवताना

गेटवर सील घेणाऱ्याला दाखवा, त्याच्यासमोर तोडा, फोटो काढा, तुटलेले तुकडे जपून ठेवा. नग उतरताना पुन्हा मोजा. नग कमी निघाले तर पोचवर, म्हणजे माल मिळाल्याच्या पावतीवर, 'सील शाबूत होतं' हे त्यांच्या सहीने लिहून घ्या. सील शाबूत आणि नग कमी म्हणजे संशय आधी भरणाऱ्याकडे जातो, बोल्ट सुद्धा धड असतील तर. सील किंवा दार छेडलेलं दिसलं तर काही उतरवू नका. फोटो, मालकाला फोन, आणि जवळचं पोलीस ठाणं. चोरी नेमकी कुठे झाली ते माहीत नसलं तरी झिरो एफआयआर कुठेही दाखल होतो.

गाडीचा विमा गाडीपुरताच असतो, माल त्यात येत नाही. मालाचा विमा पार्टीचा, आणि विमा कंपनी पैसे दिल्यावर वसुलीला ट्रान्सपोर्टरकडे येते. बिल्टीवर जास्त किंमत जाहीर केलेली नसेल तर ट्रान्सपोर्टरची जबाबदारी साधारण भाड्याच्या दहापट एवढी मर्यादित आहे. हा कायदा माहीत नसलेले मालक घाबरून सगळा भार ड्रायव्हरवर टाकतात. तुमचा निष्काळजीपणा दाखवल्याशिवाय आणि तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय नुकसान पगारातून कापता येत नाही. पगार, भत्ता, गोदामाबाहेर थांबल्याचे पैसे आणि शॉर्टेजचा नियम ट्रिपच्या आधी व्हॉट्सअॅपवर का होईना, लिहून घ्या.

पोचेची पावती मालकाला दिली तरी तिचा, बिल्टीचा आणि सीलचा फोटो फोनमध्ये निदान सहा महिने ठेवा. मालाच्या नुकसानीची नोटीस ट्रान्सपोर्टरला बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांपर्यंत देता येते, आणि तोवर कुठला ड्रायव्हर कुठल्या गाडीवर होता हे तुमच्याशिवाय कोणाच्या लक्षात राहत नाही.