अलास्काच्या रानात अस्वलासाठी पिस्तूल निवडताना

तपकिरी अस्वल ताशी सुमारे ५५ किलोमीटर वेगाने धावू शकते. तीस मीटरवरच्या एल्डरच्या दाट झुडपातून ते निघाले, तर आपल्यापर्यंत पोहोचायला त्याला दोन सेकंद पुरतात. एवढ्या वेळात अस्वल दिसले पाहिजे, ते खरोखर आपल्यावरच येत आहे हे उमगले पाहिजे, शस्त्र बाहेर आले पाहिजे आणि निदान एक गोळी जागच्या जागी लागली पाहिजे. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर (फिरत्या चक्रात काडतुसे बसणारे शस्त्र) निवडताना सगळा विचार या दोन सेकंदांपासून सुरू व्हायला हवा. दुकानातील चर्चा मात्र बहुधा उलट्या टोकाने, म्हणजे कोणती गोळी सर्वांत जबर या प्रश्नापासून, सुरू होते आणि तिथेच संपते.

निवडीकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांपैकी अनेकांना ती थेट लागू होते. एच-१बी, विद्यार्थी किंवा पर्यटक अशा तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या व्यक्तीला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार बंदूकच काय, काडतूसही जवळ बाळगता येत नाही. याला काही मोजके अपवाद आहेत. वैध शिकार-परवाना हा त्यांपैकी एक. पण त्यावर विसंबण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा, कारण इथे चूक झाली तर दंडावर भागत नाही. मित्राचे पिस्तूल दोन दिवसांसाठी मागून घेतले तरी कायद्याच्या दृष्टीने ते ‘बाळगणे’च ठरते. ग्रीन कार्डधारकांना आणि नागरिकांना ही अडचण नाही. मेळघाटात किंवा ताडोब्यात अस्वलाशी गाठ पडू शकते म्हणून कोणी हे मार्गदर्शन तिकडे लावू पाहील, तर त्याचा तिथे काडीचाही उपयोग नाही. भारतात अभयारण्यात विनापरवानगी शस्त्र नेणे हाच गुन्हा आहे.

दुसरी गोष्ट बेअर स्प्रेची, म्हणजे अस्वलाच्या तोंडावर मारायच्या तिखट फवाऱ्याची. अलास्कातील १९८५ ते २००६ या काळातील ८३ प्रसंगांच्या अभ्यासात स्प्रेने सुमारे ९२ टक्के तपकिरी अस्वलांना त्यांच्या नको त्या वागण्यापासून थांबवले आणि जवळून गाठ पडलेल्या माणसांपैकी ९८ टक्के माणसे विनाइजा सुटली. त्याच संशोधकांनी २०१२ साली बंदुकांविषयी असाच अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात २६९ प्रसंग तपासले होते; पिस्तूल-रिव्हॉल्व्हर ८४ टक्के वेळा आणि लांब नळीच्या बंदुका ७६ टक्के वेळा यशस्वी ठरल्या. हे दोन आकडे शेजारी ठेवून स्प्रे जिंकला असे म्हणणे मात्र पूर्णपणे रास्त नाही, कारण स्प्रेच्या नोंदींत केवळ कुतूहलाने जवळ आलेली अस्वलेही बरीच होती, तर बंदुकीच्या नोंदी बिकट प्रसंगांकडे झुकणाऱ्या होत्या. तरीही माझे मत असे की स्प्रे आधी घ्यावा, शिकावा आणि हाताशी ठेवावा. पिस्तूल हे त्याच्या मागचे साधन आहे. वारा समोरून वाहत असेल, पाऊस कोसळत असेल किंवा अस्वल तंबूत शिरले असेल, अशा वेळी त्याची खरी गरज भासते.

बंदुकांच्या त्या अभ्यासातील यशापेक्षा अपयशाची कारणे अधिक बोलकी आहेत. वेळच मिळाला नाही, हे सर्वांत मोठे कारण होते. याखेरीज काहींनी शस्त्र असूनही ते वापरले नाही, काहींचे शस्त्र अडकले, काहींचा नेम चुकला, काहींच्या गोळ्या संपल्या, काहींच्या शस्त्राचा सुरक्षा-खटका लागलेलाच राहिला आणि काही जण मागे सरताना अडखळून पडले. गोळी लहान पडली ही तक्रार या यादीत ठळकपणे दिसत नाही. शस्त्र निवडताना ही यादी समोर ठेवावी आणि हातातले शस्त्र यांपैकी कोणती चूक घडवून आणेल, हे एकेक करून तपासावे.

गोळीचा प्रकार हा कॅलिबरपेक्षाही, म्हणजे गोळीच्या जाडीच्या मापापेक्षाही, महत्त्वाचा मुद्दा आहे. माणसापासून संरक्षणासाठी विकली जाणारी पोकळ टोकाची गोळी शरीरात शिरताच फुलते आणि थोड्या खोलीवर थांबते. अस्वलाच्या बाबतीत नेमके हेच नको असते. त्याची जाड कातडी, चरबी, खांद्यावरचे घट्ट स्नायू आणि जाड हाडे भेदून गोळी मेंदूपर्यंत किंवा मणक्यापर्यंत पोहोचली, तरच ते जागच्या जागी कोसळते. हृदयाला भोक पडलेले अस्वलही काही सेकंद धावू शकते आणि ते काही सेकंद आपल्याला परवडणारे नसतात. म्हणून शिशाच्या कठीण मिश्रधातूची ओतीव, सपाट व रुंद टोकाची, जड गोळी घ्यावी. ती फुलत नाही, वाकडी फारशी जात नाही आणि खोलवर शिरते. अखंड तांब्याच्या न फुलणाऱ्या गोळ्याही चालतात. ग्लॉकच्या पिस्तुलात मात्र उघड्या शिशाची गोळी वापरू नये असे कंपनीचेच सांगणे आहे. तेव्हा अशा पिस्तुलासाठी आवरणाची किंवा तांब्याची गोळी घ्यावी.

आता कॅलिबर; पुढची नावे काडतुसांच्या प्रकारांची आहेत. केवळ काळी अस्वले असलेल्या प्रदेशात .३५७ मॅग्नम पुरेशी आहे. ग्रिझली (आतल्या भागातले तपकिरी अस्वल) किंवा किनाऱ्यावरचे तपकिरी अस्वल, ज्याचा मोठा नर चारशे किलोच्याही पुढे जातो, डोळ्यांसमोर असेल तर चर्चा साधारणतः १० मिलिमीटर ऑटो, .४४ मॅग्नम आणि .४५४ कॅसुल या तिघांभोवती फिरते. १० मिलिमीटरची सुमारे १४ ग्रॅमची जड गोळी हजार जूलच्या आसपास ऊर्जा देते. १९५५ साली बाजारात आलेली.४४ मॅग्नम, नळीच्या लांबीनुसार, हजार ते तेराशे जूल, आणि.४५४ कॅसुल त्याच्या जवळपास दुप्पट. २००३ सालची .५०० स्मिथ अँड वेसन मॅग्नम तर साडेतीन हजार जूलच्या घरात जाते. हे वाचून शेवटच्या नावाकडे मन ओढले जाणे स्वाभाविक आहे, आणि इथेच थांबून विचार करावा. गोळी सुटताना हाताला बसणारा हा धक्का सोसून दोन सेकंदांत दुसरी गोळी नेमावर मारणारी माणसे फार थोडी. पहिल्याच बाराला मनगट दुखावले की पुढच्या बाराच्या आधीच डोळे मिटतात आणि नेम खाली जातो. उलट बाजूने सांगायचे, तर २०१६ साली अलास्कातील एका अनुभवी वाटाड्याने साध्या ९ मिलिमीटर पिस्तुलाने, पण कठीण ओतीव गोळ्या वापरून, चालून आलेले तपकिरी अस्वल मारले. म्हणून ९ मिलिमीटर निवडावे असे नव्हे. तो मनुष्य अनेक दशके अस्वलांमध्ये वावरलेला होता. त्याला गोळ्या कुठे मारायच्या हे ठाऊक होते आणि त्या त्याने तिथे मारल्या.

रिव्हॉल्व्हर की पिस्तूल, या वादात दोन्ही बाजूंकडे खरे मुद्दे आहेत. रिव्हॉल्व्हरचा मोठा गुण असा की अस्वल अंगावर आलेले असताना नळी त्याच्या शरीराला टेकवूनही गोळी सुटते, आणि एखादे काडतूस फुसके निघाले तर पुन्हा चाप ओढला की पुढचे काडतूस समोर येते. पिस्तुलाची स्लाइड (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) शरीरावर दाबली जाऊन किंचित मागे सरकली, तर ते उडतच नाही. सैल मनगटाने धरले, तर दुसरी गोळी अडकण्याचा संभव असतो. याउलट रिव्हॉल्व्हरमध्ये गोळ्या पाच किंवा सहाच असतात, तर ग्लॉक २० सारख्या १० मिलिमीटर पिस्तुलात पंधरा. शिवाय ते रिकामे असताना पाऊण किलोच्या आसपास भरते, धक्का सोसण्याजोगा असतो आणि लागोपाठ गोळ्या मारणे बहुतेकांना सोपे जाते. ज्याने पूर्वी रिव्हॉल्व्हर हाताळलेले नाही आणि जो वर्षातून चार-सहा वेळाच सराव करणार आहे, त्याने १० मिलिमीटर पिस्तूल घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. रिव्हॉल्व्हरचा चाप लांब आणि जड असतो. तो घाईत सरळ मागे ओढणे ही कमावण्याची गोष्ट आहे.

रिव्हॉल्व्हरच घ्यायचे ठरले, तर ते डबल अॅक्शनचे असावे, म्हणजे प्रत्येक वेळी अंगठ्याने घोडा ओढावा लागणार नाही. जुन्या पद्धतीचे सिंगल अॅक्शन दिसायला देखणे असते, पण या कामाचे नाही. नळी साधारण चार इंच असावी. अडीच इंची नळी बाहेर काढायला सोपी, मात्र तिच्यातून गोळीचा वेग घटतो आणि आवाज व ज्वाळ असह्य होतात. वजनाच्या बाबतीत एक सापळा आहे. स्कँडियममिश्रित हलक्या धातूच्या सांगाड्याची .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हरे पाऊण किलोहूनही हलकी असतात आणि डोंगर चढताना ती मोठी मोहक वाटतात. पण त्यांचा झटका इतका तीव्र असतो की चक्रातील उरलेल्या काडतुसांच्या गोळ्या आपल्या कवचातून पुढे सरकतात आणि चक्र फिरेनासे होते. हलके रिव्हॉल्व्हर घेतलेच, तर आपल्याच काडतुसांनी चक्र भरावे, पाच उडवून सहावे बाहेर काढावे आणि त्याची लांबी न उडवलेल्या काडतुसाशी ताडून पाहावी. गोळी पुढे आलेली दिसली, तर तो दारूगोळा त्या शस्त्रासाठी बाद समजावा. सुमारे सव्वा किलोचे पोलादी शस्त्र अधिक भरवशाचे. अलास्काचा किनारा कायम ओला असतो, म्हणून ते स्टेनलेसचे असणे चांगले.

होल्स्टरकडे, म्हणजे शस्त्राच्या म्यानाकडे, लोक सर्वांत शेवटी पाहतात, खरे तर शस्त्राइतकाच विचार त्याचाही व्हायला हवा. पाठीवरच्या सॅकचा कमरपट्टा आवळला की कमरेचे शस्त्र त्याखाली दबते. सॅकमध्ये ठेवलेले तर घरी ठेवल्यासारखेच. अलास्कात मासेमार आणि वाटाडे छातीवर तिरके बसणारे होल्स्टर वापरतात, आणि त्याला कारण आहे: सॅक असो, पाण्यात उतरताना घालायचा रबरी वेडर असो, बसलेले असो वा पडलेले, हात तिथे पोहोचतो. खरेदीपूर्वी सॅक, रेनकोट आणि हातमोजे घालून, अर्थात रिकामे शस्त्र घेऊन, ते बाहेर काढून पाहावे. चाप पूर्णपणे झाकणारे होल्स्टरच घ्यावे. स्प्रे दुसऱ्या बाजूला, प्रत्येक वेळी त्याच जागी असावा. दोघे जण असतील तर एकाने स्प्रे आणि दुसऱ्याने शस्त्र सांभाळावे, म्हणजे ऐन वेळी कोणी काय करायचे याचा घोळ होत नाही.

सरावासाठी स्वस्त व सौम्य दारूगोळा चालतो; .४४ मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये .४४ स्पेशल आणि .४५४ कॅसुलच्या शस्त्रात .४५ कोल्ट ही काडतुसे उडवता येतात. प्रवासापूर्वी मात्र नेहमीच्या जड काडतुसांचे निदान एक-दोन खोके उडवावेत, कारण शस्त्र ती काडतुसे न अडकता घेते का, हे दुसऱ्या कशाने कळत नाही. पाच ते दहा मीटरवर कागदी थाळीएवढे लक्ष्य ठेवावे. होल्स्टरमधून काढून तीन सेकंदांत दोन गोळ्या त्यात सातत्याने बसत नसतील, तर एक पायरी खालचे कॅलिबर घ्यावे. मित्राकडून भरलेल्या काडतुसांत मधूनच एखादे नकली काडतूस घालून घ्यावे. ते न उडता नळी खाली झुकली, तर आपण धक्क्याच्या आधीच बिचकत आहोत हे उघड होते. कानांना संरक्षण नेहमी असावे.

प्रवासाचे नियम थोडक्यात असे. दुसऱ्या राज्यातून अलास्कात जाऊन तिथल्या दुकानातून पिस्तूल विकत घेता येत नाही, कारण विक्रेता ते आपल्याच राज्याच्या रहिवाशाला देऊ शकतो. विमानात ते रिकामे, कडक व कुलूपबंद पेटीत, काउंटरवर सांगून, चेक-इन सामानातच न्यावे. बेअर स्प्रे मात्र विमानात कुठल्याच सामानात चालत नाही. तो पोहोचल्यावर घ्यावा. मोटारीने कॅनडामार्गे जाण्याचा विचार असेल, तर पिस्तूल घरीच ठेवावे. तिथे २०२२ पासून या शस्त्रांवरचे निर्बंध आणखी कडक झाले आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत फेब्रुवारी २०१० पासून राज्याच्या कायद्यानुसार शस्त्र बाळगता येते, पण उद्यानाच्या सरकारी इमारतींत नेता येत नाही, आणि बाळगण्याची मुभा म्हणजे झाडण्याची मुभा नव्हे.

अलास्कात जीव वाचवण्यासाठी अस्वल मारण्यास कायद्याने परवानगी आहे, परंतु ते आपण डिवचलेले नसावे, आणि निष्काळजीपणे उघड्यावर टाकलेल्या अन्नामुळे किंवा कचऱ्यामुळे आलेले नसावे. म्हणून अन्नाचा अस्वलरोधक डबा हा या सामानाचाच एक भाग समजावा. मारल्यानंतर वन्यजीव विभागाला ताबडतोब कळवावे लागते, १५ दिवसांत लेखी माहिती द्यावी लागते, आणि नख्यांसह संपूर्ण कातडे व कवटी सोडवून विभागाच्या स्वाधीन करावी लागते, कारण ते अस्वल मारणाऱ्याचे नसून राज्याचे असते. चारशे किलोच्या जनावराचे हे काम अनेक तासांचे असते आणि रक्ताच्या वासाने दुसरे अस्वल येऊ शकते, म्हणून सॅकमध्ये चांगली धारदार सुरी, मजबूत दोरी आणि सॅटेलाइट संदेशयंत्र ठेवावे.