‘रायझिंग सन’ बसवताना आधी ठरवा, गातंय कोण

गिटार जरा हाताला लागली की पोरं ‘हाउस ऑफ द रायझिंग सन’ हे अमेरिकन लोकगीत मागतातच. डोक्यात अर्थातच ‘द अ‍ॅनिमल्स’ या ब्रिटिश रॉक बँडची १९६४ची आवृत्ती असते. मी गिटार बाजूला ठेवायला लावतो आणि आधी शब्द उतरवून घ्यायला सांगतो, तीन गायकांचे, शेजारी शेजारी.

अ‍ॅलन लोमॅक्स या लोकगीतांच्या संग्राहकाने १९३७ साली केंटकीतल्या मिडल्सबरो गावात जॉर्जिया टर्नर या सोळा वर्षांच्या मुलीचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. (टॉम अ‍ॅश्ली या गायकाची याच गाण्याची तबकडी त्याआधीची, १९३३ची.) लोमॅक्सने पुढे छापलेल्या शब्दांत न्यू ऑर्लीन्समधलं ते घर गरीब मुलींची वाट लावतं आणि तिचा प्रियकर दारुडा आहे. बॉब डिलनच्या १९६२च्या पहिल्या अल्बममध्येही गाणारी मुलगीच, पण प्रियकर जुगारी झालाय. अ‍ॅनिमल्सकडे मुलीचा झाला मुलगा. मग प्रियकराचं काय करायचं? त्याच्या जागी बाप आणून बसवला! जुगार तसाच. शिवणकाम करणारी आई आणि तिची निळी जीन्स मात्र तिन्हीकडे जागच्या जागी. ही ओळ नीट ताडून पाहिलीत तर निम्मं काम झालं.

आता हात. कॉर्ड चारच: ए मायनर, सी, डी, एफ. सहा मात्रा मोजा, तबला येत असेल तर सरळ दादरा धरा. आधी एका आवर्तनाला एकच झटका. तो स्थिरावला की खर्जाचा सूर ए, जी, एफ शार्प, एफ असा उतरवा. ही लोकगायक डेव्ह व्हॅन रॉंकची करामत. डिलनने त्याचीच मांडणी उचलली. अ‍ॅनिमल्सचा गिटारवादक हिल्टन व्हॅलेंटाइनसारखं एकेक तार छेडत जाणं सगळ्यात शेवटी, कारण ते एकदा बोटांत बसलं की दुसरं काही सुचत नाही. अ‍ॅलन प्राइस या त्यांच्याच वादकाच्या ऑर्गनची नक्कल तर नकोच.

स्वतःचं करताना एकच गोष्ट बदला. मुलगी ठेवायची असेल तर मुलांनीही बिनधास्त ठेवावी, डिलनने ठेवली. लय बदलायची तर नीना सिमोनची ‘व्हिलेज गेट’ या न्यूयॉर्कच्या क्लबमधली संथ आवृत्ती ऐका. परत न्यू ऑर्लीन्सला निघायचं कडवं आलं की अ‍ॅनिमल्सचा गायक एरिक बर्डन ओरडतो. तुम्ही तिथे आवाज चढवणार की उतरवणार, हे ठरवूनच पुढच्या तासाला या.