फिनिक्सच्या डोंगरांवर संध्याकाळच्या ग्रुप हाइकला जायचंय? अशी सुरुवात करा

नोकरीनिमित्त अ‍ॅरिझोनात, फिनिक्सशेजारच्या चँडलर, टेंपीकडे आलेल्या आपल्या लोकांना सिंहगड, राजगडाची आठवण येतेच आणि इथे तर शहराच्या मधोमध डोंगर उभे आहेत, पण उन्हाळ्यात दिवसा चढायचं नावसुद्धा काढू नका. 2023 मध्ये इथे सलग 31 दिवस दुपारचा पारा रोज 110 फॅरेनहाइट किंवा त्याच्याही वर गेला होता, म्हणजे सेल्सियसमध्ये रोज 43 च्या वर. म्हणून संध्याकाळ, आणि अंधार पडणार म्हणून ग्रुप.

आधी ग्रुप शोधा. मीटअप अ‍ॅपवर मिळतात, मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर विचारा, ऑफिसात तर एकतरी हाइकवाला असतोच. जॉइन होण्याआधी एवढंच विचारा की शेवटच्या माणसाच्या मागे कोणी चालतं का आणि निघताना-परतताना डोकी मोजतात का. "आपापल्या स्पीडने या, वर भेटू" म्हणणारा ग्रुप नवख्यासाठी नाही, रात्री तर नाहीच.

पहिल्याच दिवशी पिएस्टेवा पीक नको. जायला 1.2 मैलच आहे पण तेवढ्यात साधारण 1200 फूट चढ, सगळ्या दगडी पायऱ्या, आणि अंधारात उतरताना गुडघ्यांची वाट लागते. कॅमलबॅक डोंगर सूर्यास्तालाच बंद होतो, तो सोडूनच द्या. साउथ माउंटनला पिमा कॅन्यनच्या बाजूने सुरुवात करा, आधी रुंद कच्चा रस्ता आहे, बोलत बोलत चालता येतं. महिनाभराने होलबर्ट ट्रेलने डॉबिन्स लुकआउट, 2330 फुटांवर, तिथून अख्खं फिनिक्स दिव्यांनी भरलेलं दिसतं आणि स्काय हार्बर विमानतळावर उतरणारी विमानं तर एकामागोमाग एक रांगेत. गाडी लावताना गेट किती वाजता बंद होतं ते बोर्डवर वाचा, पार्किंगचं गेट ट्रेलच्या आधी बंद होऊ शकतं.

आता पाणी, आणि इथेच आपली सह्याद्रीची सवय घात करते. तिकडे शर्ट पिळला की घाम गळतो, शरीर सांगतं की बाबा पाणी पी. इथली हवा इतकी कोरडी की घाम आल्या आल्या उडून जातो, शर्ट कोरडाच राहतो, फक्त पाठीवर मिठाचे पांढरे डाग दिसतात, तोपर्यंत डोकं दुखायला लागलेलं असतं. तहान लागायची वाट बघू नका. उन्हाळ्यात तासाला एक लिटर धरा, आणि अर्धं पाणी संपलं की शिखर दहा मिनिटांवर असलं तरी मागे फिरा, गडावरच्या टाक्यासारखं वाटेत कुठे पाणी मिळणार नाही. सोबत चिक्की, खारे दाणे, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी. आणि सूर्य बुडाला की गार होतं असं समजू नका, जुलैत आठ वाजता खडकाला हात लावून बघा, नुकत्याच उतरवलेल्या तव्यासारखा लागतो.

हेडलॅम्प घ्याच. मोबाइलच्या टॉर्चने एक हात अडकतो आणि अडचणीत 911 ला फोन करायला लागणारी बॅटरी संपते. बॅगेत एक साधा कंगवा ठेवा. चोया नावाच्या निवडुंगाचे गोळे नुसता धक्का लागला तरी चिकटतात, माझ्या पोटरीला एक चिकटला आणि मी घाईत हाताने ओढला तर तो बोटांत रुतला, मग ग्रुपमधल्या एका काकूंनी कंगवा गोळ्याखाली सरकवून एका झटक्यात उडवला. तेव्हापासून माझ्याकडे कायम कंगवा असतो.

उन्हाळ्यातल्या रात्री रॅटलस्नेक, म्हणजे शेपटी खुळखुळवणारे विषारी साप, वाटेवर येतात, त्यामुळे कानात इअरफोन नको आणि उजेड न टाकता दगडावर हात किंवा बूड टेकायचं नाही. खुळखुळ ऐकू आली की जागीच थांबा, आवाज कुठून येतोय ते बघा, मागच्यांना ओरडून सांगा आणि हळूच मागे सरका.

पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं आधी पोचा, लीडरला सांगा की नवीन आहे, बीपी-दम्याचं काही असेल तर तेही सांगा, लाजू नका. चालताना मधे राहा. परत फिरायचं असेल तर न सांगता सटकू नका, सोबत कोणीतरी घेऊनच फिरा.

एकच वार धरा, म्हणजे सवय लागते. डिसेंबरात साडेपाचच्या आधीच सूर्य मावळतो, तेव्हा ऑफिसमधूनच बूट घालून निघायचं, जूनमध्ये पावणेआठपर्यंत उजेड असतो. 15 जून ते 30 सप्टेंबर इथला मान्सून, लांब वीज चमकली किंवा धुळीची भिंत येताना दिसली तर त्या दिवशी हाइक नाही, वाद घालू नका. पण पाऊस पडून गेल्यावरच्या संध्याकाळी जरूर जा, क्रियोसोटच्या झुडपांचा जो वास सुटतो तो आपल्या मातीच्या वासापेक्षा वेगळा, जरा औषधी, पण तितकाच आत जाणारा.

खाली आलात की डोकी मोजून होऊ द्या, बुटांना चोया चिकटलाय का ते उजेडात बघा, आणि सगळ्यांच्या गाड्या सुरू झाल्यावरच निघा.