एज्रा आणि नहेम्या कसे वाचावेत

बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या यहुद्यांनी आपले धर्मजीवन पुन्हा कसे उभारले, हे समजून घेण्यासाठी एज्रा आणि नहेम्या हे ग्रंथ हाती घेणारा वाचक बहुधा एज्राच्या चौथ्या अध्यायात अडखळतो. हिब्रू परंपरेत हे दोन्ही मिळून एकच ग्रंथ मानला जातो आणि त्यातील घटना सर्वत्र कालक्रमाने येत नाहीत. म्हणून वाचनास बसण्यापूर्वी एका कागदावर पारसाच्या चार राजांची नावे ओळीने लिहून घ्यावीत: इ. स. पू. ५३९ मध्ये बाबेल जिंकणारा कोरेश, ५२२ मध्ये सत्तेवर आलेला दारयावेश, ४८६ पासूनचा अहश्वेरोश आणि ४६५ पासूनचा अर्तहशश्त. इतिहासाच्या पुस्तकांत हेच राजे सायरस, डरायस, झर्क्सीस आणि अर्टाझर्क्सीस या नावांनी भेटतात. पुढे प्रत्येक घटना ज्या राजाच्या काळातली असेल, त्या नावापुढे टिपून ठेवावी.

प्रथम एज्राचे पहिले तीन अध्याय आणि चौथ्यातील पहिली पाच वचने वाचावीत. यहुद्यांना परतून मंदिर बांधण्याची परवानगी देणाऱ्या कोरेशाच्या जाहीरनाम्याबरोबर बाबेल येथे १८७९ मध्ये सापडलेल्या मातीवरील कोरीव लेखाचा, म्हणजे कोरेशाच्या दंडगोलाचा, उल्लेख हमखास केला जातो. परंतु त्यात यहुद्यांचे वा यरुशलेमेचे नाव नाही. निरनिराळ्या लोकांच्या देवमूर्ती आणि माणसे त्यांच्या स्थानी परत पाठवण्याचे धोरण तेवढे त्यातून दिसते. त्याहून जास्त भार त्याच्यावर टाकू नये.

दुसऱ्या अध्यायातील लांबलचक यादी कंटाळवाणी वाटली, तरी ओलांडून जाऊ नये. एकूण संख्या ४२,३६० दिली आहे, पण वेगवेगळे आकडे मिळवले तर बेरीज ३०,००० च्याही आतच थांबते. हीच यादी नहेम्याच्या सातव्या अध्यायात पुन्हा येते, तेव्हा तिथले काही आकडे आणखी वेगळे निघतात. त्यामुळे हिशेब जुळवत बसण्यापेक्षा लोकांची वर्गवारी कशी केली आहे, ते पाहावे. याजक, लेवी (मंदिरसेवेसाठी नेमलेला वंश), गायक, द्वारपाळ आणि मंदिरसेवक यांची गणना स्वतंत्र आहे, आणि वंशावळीत नाव न सापडलेल्या काही घराण्यांना याजकपणापासून दूर ठेवले आहे. मंदिराची वीटही अजून रचलेली नसताना तिथे कोणी कोणते काम करावे हे ठरलेले आहे. तिसऱ्या अध्यायातही हाच क्रम दिसतो: आधी वेदी, मग मांडवांचा सण आणि नित्याची होमार्पणे, आणि त्यानंतर मंदिराचा पाया. पाया घातला जात असताना, बाबेलच्या लोकांनी पाडलेले पहिले मंदिर पाहिलेले वृद्ध मोठ्याने रडले आणि त्यांचे रडणे व इतरांचा जयघोष वेगळा ओळखू येईना, हे वर्णन सावकाश वाचावे.

आता चौथ्या अध्यायातील ६ ते २३ ही वचने कंसात टाकून २४ व्या वचनावर यावे, कारण मधला मजकूर अहश्वेरोश आणि अर्तहशश्त यांच्या काळातला, म्हणजे कित्येक दशके पुढचा आहे. मूळ ग्रंथाची भाषाही ४:८ पासून ६:१८ पर्यंत हिब्रूऐवजी अरामी होते. मराठी भाषांतरात हा बदल दिसत नाही, त्यामुळे समासात पेन्सिलीने खूण केलेली बरी.

इथे एज्रा बाजूला ठेवून हाग्गय या संदेष्ट्याचे दोन अध्याय वाचावेत. इ. स. पू. ५२० मधील, दिवस-महिन्यासह नोंदलेले हे उपदेश लोकांना सरळ विचारतात की, मंदिर ओसाड पडले असता तुम्ही तक्तपोशीच्या घरांत कसे राहता? त्यापाठोपाठ जखऱ्या या संदेष्ट्याचे पहिले आठ अध्याय घ्यावेत आणि सातव्यावर विशेष थांबावे. मंदिराचे काम चालू आहे आणि काही लोक येऊन विचारतात: इतकी वर्षे पाचव्या महिन्यात आम्ही मंदिरासाठी शोक करीत आलो, तो आता पुढेही करायचा का? जखऱ्या थेट होकार वा नकार देत नाही. तो उपवास करणाऱ्यांचा हेतू विचारतो, न्याय व दया यांची आठवण देतो आणि पुढे हे उपवास आनंदाचे सण होतील, असे सांगतो. दुसरे मंदिरही इ. स. ७० मध्ये पडले आणि तो शोक टिकला. कोकणातील बेने इस्राएल या यहुदी समाजात पाचव्या महिन्याच्या, म्हणजे आव महिन्याच्या, नवव्या दिवसाचा उपवास ‘बिरड्याचा रोजा’ या नावाने पाळला जात असे, हे मराठी वाचकाने या अध्यायाशेजारी आवर्जून टिपून ठेवावे.

त्यानंतर एज्राचे पाचवा व सहावा अध्याय वाचले की मंदिर पूर्ण झाल्याची नोंद, म्हणजे इ. स. पू. ५१५, येते. सातव्या अध्यायाच्या उंबरठ्यावर ग्रंथ सुमारे ५७ वर्षे एका दमात ओलांडतो. नियमशास्त्राचा जाणकार याजक एज्रा याच्या यरुशलेमेतील आगमनाचे वर्ष सामान्यतः ४५८ धरतात. काही अभ्यासक राजा दुसरा अर्तहशश्त मानून ते ३९८ पर्यंत पुढे नेतात. प्रवासापूर्वी जमलेल्यांत एकही लेवी नाही हे एज्राच्या ध्यानात येते, तेव्हा तो निरोप पाठवून ३८ लेवी मिळवतो. परकीय बायकांना पाठवून देण्याचा नववा-दहावा अध्याय या ग्रंथातील सर्वांत कठोर भाग आहे, आणि तो सौम्य करून वाचू नये. पावसात कुडकुडत बसलेली सभा आणि निर्णयाला विरोध करणाऱ्यांची नावे ग्रंथानेच नोंदवली आहेत.

आता कंसात ठेवलेली ती वचने वाचावीत. अर्तहशश्ताच्या हुकुमाने यरुशलेमेच्या तटाचे काम बंद पडले, हे तिथे वाचून लगेच नहेम्याचा पहिला अध्याय उघडला, तर मोडलेल्या तटाची बातमी ऐकून राजाचा प्यालेबरदार नहेम्या पारसाच्या शूशन राजवाड्यात का रडतो, हे कळण्यास मदत होते. ही गोष्ट इ. स. पू. ४४५ ची. तट ५२ दिवसांत पुरा होतो, आणि तो भाग वेगाने वाचला तरी चालते. नहेम्याचा विरोधक सनबल्लट हा ऐतिहासिक पुरुष होता, याला मिसरातील एलिफंटाइन बेटावरच्या यहुद्यांनी ४०७ मध्ये लिहिलेल्या पत्राचा आधार आहे. त्यात शोमरोन (यरुशलेमेच्या उत्तरेचा प्रांत) येथील अधिपती सनबल्लट याच्या मुलांचा उल्लेख येतो.

खरा मुक्काम आठव्या अध्यायात करावा. पाणवेशीसमोरच्या चौकात लाकडी मंचावर उभा राहून एज्रा पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो आणि लेवी त्याचा अर्थ लोकांना समजावून देतात. येथे बळी नाही, वेदी नाही. ग्रंथ आणि तो समजून घेणारे स्त्री-पुरुष आहेत. पुढे मांडव घालून सण पाळला जातो आणि यहोशवाच्या काळापासून असे झाले नव्हते, असे म्हटले आहे. तोच सण एज्राच्या तिसऱ्या अध्यायात येऊन गेला आहे. ही विसंगती वाचकाने मिटवून टाकू नये.

दहावा आणि तेरावा अध्याय शेजारी ठेवून वाचावेत. दहाव्यात लोक लेखी करार करतात: शब्बाथाला, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी, खरेदी नाही, मंदिरासाठी दरवर्षी शेकेलाचा (चांदीच्या एका वजनाचा) तिसरा हिस्सा, लेव्यांना दशमांश, आणि वेदीसाठी लाकूड कोणी केव्हा आणायचे यासाठी चिठ्ठ्या. नहेम्या काही काळ राजाकडे जाऊन परततो, तेव्हा त्याला दिसतात लेवी वाटा न मिळाल्याने शेतीकडे वळलेले, मंदिराच्या कोठडीत त्याचा विरोधक तोबीया याचे घरसामान, आणि शब्बाथाला सोर शहराचे व्यापारी मासे विकत असलेले. तो सामान बाहेर फेकतो, वेशी बंद करवतो आणि पहारा बसवतो. ग्रंथाच्या शेवटच्या वचनात तो आपल्या कामांची यादी देवापुढे ठेवतो, तेव्हा तिच्यात ठरलेल्या वेळी पोहोचवायच्या सरपणाची नोंद आहे.