प्रेमकथा स्वतःच प्रसिद्ध करताय? या चुका टाळा

चौसष्टाव्या भागात मी नायकाला मारलं. आंबोली घाटात, पावसात, गाडीसकट. रात्री साडेअकराला भाग कथांच्या ॲपवर टाकला आणि झोपून गेले. सकाळी दूध तापवता तापवता फोन उघडला तर प्रतिक्रियांची रांग लागलेली. "ताई, हे बरं नाही केलंत." "मी नाइट ड्यूटीला आहे, पेशंटसमोर रडताही येईना." एका बाईंनी नुसतं "शाप लागेल" एवढंच लिहिलं होतं. ते गमतीत होतं, असं मी अजून धरून चालले आहे.

आपण मनाने रचलेल्या माणसासाठी कुठल्या तरी वॉर्डात कुणी डोळे पुसतंय, यासारखं सुख नाही. पण चूकही तीच होती. प्रेमकथेच्या वाचकाशी आपला न लिहिलेला करार असतो: कितीही रडवा, शेवटी दोघं एकत्र आली पाहिजेत. शोकांतिकाच लिहायची असेल तर खुशाल लिहा, पण कथेच्या वर्णनात आधीच तसं सुचवून ठेवा. मी सहासष्टाव्या भागात त्याला दरीतल्या एका झाडाला अडकवून परत आणला. ते झाड तिथे कुठून आलं, हे कुणीही विचारलं नाही. तेव्हापासून मी शेवटचा भाग आधी लिहिते.

प्रकाशक नाही, संपादक नाही, मुद्रितशोधक नाही. आहे तो फक्त वाचकांचा एक प्रश्न: "पुढचा भाग कधी?" त्या प्रश्नाने हुरळून जाऊन मी ज्या चुका केल्या, त्यातल्या काही इथे सांगते.

'अहो'चं 'अरे' कधी झालं?

माझी कथा लग्नानंतरच्या प्रेमाची होती. ठरवून झालेलं लग्न, अनोळखी नवरा, मोठं घर. बाराव्या भागात ती विचारते, "अहो, जेवलात का?" तेराव्या भागात फोनवर म्हणते, "तू कधी येणारेस?" आणि चौदाव्यात पुन्हा "अहो". तेरावा भाग मी बसमध्ये उभ्याने लिहिला होता, त्याचा हा प्रताप. दुसऱ्या दिवशी एका वाचकाने विचारलं, "ताई, ती त्यांना अरे-तुरे कधीपासून करायला लागली? माझा एखादा भाग वाचायचा राहिला का?"

मला चपराक बसल्यासारखं झालं. ती वाचक बिचारी मागचे भाग चाळत होती, कारण तिच्या लेखी 'अहो'चं 'तू' होणं हाच खरा प्रसंग होता आणि तो मी लिहिलाच नव्हता. "माझं तुझ्यावर प्रेम आहे" असं सरळ म्हणणारी जोडपी तुम्ही किती पाहिलीत? आपल्याकडे कबुली बहुतेक वेळा 'तुम्ही'चं 'तू' होण्यातच उरकते. चारचौघांत 'अहो' आणि खोलीचं दार लागलं की 'तू', एवढ्या एका फरकावर दोन भाग सहज लिहिता येतात. तो घाईत वाया घालवू नका.

उपाय साधा आहे. वहीच्या एका पानावर कोण कोणाला काय म्हणतं ते लिहून ठेवा. सासूला 'आई' की 'अहो आई', दिराला नावाने की 'भाऊजी', नणंद तिला 'वहिनी' म्हणते की नुसतं नाव घेते. 'तू' कोणत्या भागात आलं, आणि रागावल्यावर ती मुद्दाम 'तुम्ही'वर परत जाते का, हेही. माझ्या वहीतलं हे पान आता कथानकाच्या आराखड्यापेक्षा जास्त मळलेलं आहे.

दिवा मालवला आणि तीन टिंबं

जवळिकीचा प्रसंग आला की आपली भाषा एक तर संस्कृत होते नाही तर पळ काढते. एरवी "डोकं खाऊ नकोस" म्हणणारी नायिका रात्री अचानक 'अधर' आणि 'बाहुपाश' यांच्या गावी राहायला जाते. मी हे केलेलं आहे. मोठ्याने वाचून पाहिलं तेव्हा मलाच हसू आलं. शब्द सापडत नसेल तर शरीराकडून वस्तूकडे वळा. तिच्या केसांतली पिन त्याच्या शर्टाला अडकते, काढताना दोघांचीही बोटं चुकतात. यात एकही अवघड शब्द नाही.

दुसरी अडचण भीतीची. लोक काय म्हणतील, ही धास्ती काही नवी नाही. 'रंभा' मासिकाच्या १९६२च्या दिवाळी अंकातल्या कथेवरून चंद्रकांत काकोडकरांवर अश्लीलतेचा खटला झाला, थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९६९ मध्ये ती कथा अश्लील नाही असा निकाल लागला. हे मी धीर यावा म्हणून सांगते, बेधडक काहीही लिहावं म्हणून नव्हे. प्रत्येक ॲपचे आपले नियम असतात, भाग टाकण्याआधी तेवढे वाचा. टोपणनाव घ्यायचं तर खुशाल घ्या. ॲमेझॉनच्या केडीपीवर, म्हणजे किंडल डायरेक्ट पब्लिशिंग या स्वतःचं पुस्तक स्वतः काढायच्या सेवेवर, पुस्तक टोपणनावाने आणि बँक खातं खऱ्या नावाने चालतं.

सह्याद्रीचा समुद्र झाला

ई-बुक तयार झालं, फोनवर उघडलं, आणि माझा नायक "सह्याद्रीच्या दर्यांमधून" भटकत होता. दऱ्यांचा दर्या! पुढे "बिचार्या", "दुसर्या", "कोपर्यात". पानापानावर हेच.

कारण असं. 'ऱ्य' दोन प्रकारे टाइप होतो. एक, खालचं टिंब असलेला ऱ, हलन्त आणि य. दुसरा प्रकार म्हणजे साधा र, हलन्त, मध्ये एक न दिसणारी खूण आणि मग य. फाइल एका रूपातून दुसऱ्या रूपात जाताना ती अदृश्य खूण कधी कधी गळते आणि उरतो तो रफार. इनस्क्रिप्ट कळफलकावर ऱ साठी शिफ्ट धरून इंग्रजी J ची कळ दाबायची, म्हणजे हा प्रश्नच येत नाही. फोनवर लिहीत असाल तर सुचवण्यांतला बरोबर शब्द निवडा.

घाईघाईने 'सगळे बदला' मात्र दाबू नका. मी सगळ्या 'र्य'चे 'ऱ्य' केले आणि 'सूर्य', 'धैर्य', 'आश्चर्य' सगळ्यांची वाट लावली. शब्द एकेक करून शोधा: दुसऱ्या, तिसऱ्या, बिचाऱ्या, नवऱ्या, चेहऱ्या, कोपऱ्या, पायऱ्या. प्रेमकथेत हे सातच बहुतांश काम करतात. नवरा आणि चेहरा यांच्यावाचून आपलं पान हलत नाही.

जुनं हस्तलिखित श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर आधी ते युनिकोडमध्ये आणा, आणि रूपांतरानंतर पहिल्यापासून शेवटपर्यंत डोळ्यांखालून घाला. रूपांतर करणारी साधनं जोडाक्षरांशी खेळतातच.

नव्वद दिवसांचा फास

ही चूक सगळ्यात महाग. कथा प्रतिलिपीसारख्या ॲपवर फुकट वाचायला आहे, वाचक खूश आहेत, म्हणून तीच ई-बुक करून केडीपीवर चढवली. तिथे 'केडीपी सिलेक्ट' असा पर्याय येतो. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के रॉयल्टी हवी असेल तर तो घ्यावा लागतो, नाही तर ३५ टक्के. मी टिचकी मारून मोकळी झाले.

सिलेक्ट म्हणजे ९० दिवस त्या मजकुराची डिजिटल आवृत्ती दुसरीकडे कुठेही ठेवायची नाही, फुकटसुद्धा. नमुना म्हणून दहा टक्क्यांपर्यंत भाग चालतो. छापील पुस्तकावर बंधन नाही. माझे तर सत्तर भाग जगजाहीर होते. ताकीद देणारा मेल आला तेव्हा कुठे नियम वाचले. आणि ९० दिवस संपले की नोंदणी आपोआप पुढे सरकते, ती थांबवायची तर तिथली खूण स्वतः काढावी लागते.

तेव्हा आधी ठरवा: मालिका चालू ठेवायची, की ती उतरवून पुस्तक करायचं. मी आता मधला रस्ता धरते. मालिका तशीच राहते, आणि सिलेक्टमध्ये जातं ते त्याच जोडप्याचं, कुठेही न आलेलं नवं पुस्तक.

"फक्त सही करा, मॅडम"

मालिकेचे वाचक वाढले की फोन येऊ लागतात. तुमचं पुस्तक आम्ही काढतो, पॅकेज घ्या. पैसे घेऊन छपाई करून देणं हा रीतसर धंदा आहे, त्यात वाईट काही नाही. पण मला आलेल्या एका करारात "सर्व माध्यमांतील हक्क कायमस्वरूपी" अशी ओळ होती, आणि आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, पैसे वेगळे लावले होते. आयएसबीएन आपल्याकडे राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून फुकट मिळतो. अर्ज आपणच करायचा.

हक्कांबाबत १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ एकदा वाचाच. हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे कोरी जागा आपल्या बाजूची असते, भरलेली जागा घातक असू शकते. ऑडिओचे हक्क तर वेगळेच ठेवा. स्वयंपाक करता करता कथा ऐकणाऱ्या बायका माझ्याच ओळखीत ढिगाने आहेत.

बारीकसारीक गोष्टी भराभर सांगते. नेटवरून उचललेल्या फोटोचं मुखपृष्ठ करू नका, नटनट्यांचं तर नकोच. चित्र एआयने बनवलं असेल तर केडीपीवर पुस्तक चढवताना तसं सांगावं लागतं. सिनेमातलं गाणं कडव्यासकट कथेत घालायला परवानगी लागते. ते रेडिओवर लागलं आणि तिने आवाज बारीक केला, एवढं पुरतं. मावशी, वहिनी, जाऊ यांना ॲमेझॉनवर पाच तारे द्यायला सांगू नका, घरच्यांची परीक्षणं तिथे चालत नाहीत. जावेने दिलेलं माझं एक असंच गायब झालं, आणि का काढलंस म्हणून ती माझ्यावरच रुसली.

नवी मालिका सुरू करण्याआधी मी आता वीस भाग लिहून बाजूला ठेवते. मुलाला ताप येतो, ऑफिसात मार्च महिना येतो, कधी नुसताच कंटाळा येतो. "पुढचा भाग कधी?" अजूनही रोज येतं, आणि ते वाचून अजूनही पोटात गोड कळ उठते. फक्त आता उत्तर तयार असतं: मंगळवार आणि शुक्रवार, रात्री नऊ वाजता.