कंपनी अडचणीत आहे, थोडे दिवस बिनपगारी या म्हटले तर काय करायचं?

डिप्लोमा करून नुकतेच एमआयडीसीत लागलेल्या पोरांसाठी लिहितोय. नाशिककडचं अंबड असो, सातपूर असो का सिन्नर, कधी ना कधी ही वेळ येतेच. आधी पगाराची तारीख पुढे सरकते, मग अकाउंटवाला फोन उचलत नाही, आणि मग मालक सगळ्यांना शेडमध्ये बोलावून म्हणतात की कंपनी आपलीच आहे, सांभाळून घ्या, रविवारी येऊन रिवर्क (खराब माल दुरुस्त करायचं काम) काढू, पैशाचं नंतर बघू.

फुकट काम म्हणजे फसवणूकच असं मी सरसकट म्हणणार नाही. २०१९ च्या ऑटो मंदीत मी एक्सलो पॉइंटजवळच्या एका व्हेंडर कंपनीत, म्हणजे मोठ्या कंपन्यांना पार्ट पुरवणाऱ्या कंपनीत, क्वालिटीला होतो. मोठ्या कंपन्या नो प्रॉडक्शन डे घेत होत्या, म्हणजे काही दिवस प्लांटच बंद ठेवत होत्या, त्यात आमचा एक लॉट रिजेक्ट होऊन परत आला आणि बिल अडकलं. आम्ही काही जण रविवारची मिसळ सोडून सॉर्टिंगला (चांगले-खराब पार्ट वेगळे करायला) बसलो, लॉट कस्टमरकडे परत गेला, बिल पास झालं आणि राहिलेला पगार हप्त्याहप्त्याने का होईना मिळाला.

पण ते जमलं कारण माल तयार होता, फक्त पैसा अडकला होता. म्हणून पहिलं हेच विचारा की ऑर्डर नाहीये का पेमेंट अडकलंय? छोट्या कंपनीचं बिल ४५ दिवसांत द्यायला पाहिजे असा एमएसएमई कायदा २००६ पासून आहे, पण मोठ्या कस्टमरला नोटीस पाठवायची हिंमत कुठला मालक करतो, पुढची ऑर्डर जाईल ना भो. असं पेमेंट अडकलं असेल तर चार रविवार कामाला येतात. ऑर्डरच नसेल तर तुम्ही फुकट बसून मशीनवर काय काढणार?

दुसरं म्हणजे वरचे लोक काय सोडतायत ते बघा. आमच्या मालकांनी स्वतःची गाडी विकली होती, ते बघूनच जुने वर्कर थांबले. २००९ मध्ये ब्रिटिश एअरवेजने स्टाफला एक आठवडा ते एक महिना बिनपगारी काम कराल का असं विचारलं, सीईओ विली वॉल्श यांनी स्वतःचा जुलैचा पगार सोडला आणि साधारण ८०० जण तयार झाले. आता महिन्याला ६१ हजार पौंड घेणारा माणूस एक महिना काढेल हो, पण पंधरा हजारवाल्या ट्रेनीने पाथर्डी फाट्याच्या रूमचं भाडं आणि मेस कशातून द्यायची? आणि आमच्याकडच्या कंत्राटी हेल्परला तर कोणी विचारलंच नाही, ठेकेदाराने नुसतं "उद्या या" सांगितलं. ते मला आजही पटलेलं नाही.

कुर्ल्याच्या कमानी ट्यूब्सच्या कामगारांनी कंपनी वाचवायला बराच त्याग केला, पण १९८८ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या मंजुरीने कंपनीच त्यांच्या सहकारी संस्थेच्या हातात आली. उलट जेट एअरवेजचे लोक पगार थकलेला असताना आशेवर काम करत राहिले, १७ एप्रिल २०१९ ला विमानं थांबली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने कंपनी लिक्विडेशनला काढली, म्हणजे जे आहे ते विकून देणी भागवायची. लिक्विडेशनमध्ये वर्करची २४ महिन्यांची थकबाकी तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीने धरतात, तर स्टाफची, म्हणजे सुपरवायझर-मॅनेजर वगैरेंची, फक्त १२ महिन्यांची आणि तीही त्यांच्यानंतर. म्हणजे कायद्याने तुम्ही स्टाफमध्ये मोडलात तर रांगेत तुम्ही मागे, हे बऱ्याच इंजिनिअरना माहितीच नसतं.

त्यामुळे "मी स्वखुशीने पगार सोडतो" असल्या कागदावर सही करू नका. तसं लिहून घेतलं तरी कायद्यात ते टिकत नाही, पण नंतर तोच कागद दाखवून तुम्हाला घाबरवतात. त्याऐवजी "अमुक महिन्याचा इतका पगार देणे बाकी" असं लेटरहेडवर घ्या, नाहीच दिलं तर एचआरला साधा मेल टाकून ठेवा की आपलं असं असं बोलणं झालं.

पंचिंग तर कधीच सोडू नका. रविवारी पंच करू नका, मस्टरवर (हजेरीपटावर) दिसेल, असं सुपरवायझर गोड बोलून सांगतात. प्रेस मशीनवर बोट गेलं तर त्या दिवशी तुम्ही कंपनीत होता हे ईएसआयसीला (कामगार विमावाल्यांना) सिद्ध करताना नाकी नऊ येतील. मी माझ्या ज्युनिअरला सांगतो, पंच नाही तर गेटच्या आत पाय नाही, मालक कितीही चांगला असू दे.

पीएफचं पासबुक उमंग ॲपवर बघत राहा, आधीच्या महिन्याचे पैसे १५ तारखेपर्यंत भरायचे असतात. पगारातून कापलेत पण भरले नाहीत असं दिसलं तर मग रविवार-बिविवार विसरा आणि बायोडाटा बाहेर काढा. सॅलरी स्लिप, अपॉइंटमेंट लेटर, फॉर्म १६ सगळं स्वतःच्या मेलवर घेऊन ठेवा, एक्सपिरियन्स लेटरही एचआरवाला खुर्चीवर आहे तोवरच मागा, कारण अशा कंपनीत बहुतेक वेळा सगळ्यात आधी तोच दुसरीकडे जॉइन झालेला असतो.